ओला जिना

१

लाकडाला तेल देणं हे आळशी माणसाचं काम आहे, असं माझा नवरा म्हणतो. लावा, थांबा, पुसा आणि घरी जा. दुसऱ्या दिवशी या, परत लावा, परत थांबा, परत पुसा. तो सुतार आहे. घाम गाळल्याशिवाय त्याला काम केल्यासारखं वाटतच नाही. मी त्याला सांगते, अहो, सगळं कसब त्या थांबण्यातच आहे. व्हार्निश लाकडावर बसतं, तेल लाकडात शिरतं. त्याला शिरायला वेळ लागतो, आणि ते शिरत असताना कुणी त्याच्या वाटेला जायचं नाही. एवढी एकच अट. मी ती प्रत्येक घरात हात जोडून सांगते. लोक माना डोलावतात आणि ओल्या टेबलावर चहाचा कप ठेवतात.

मास्तरांच्या जिन्याचं काम मात्र मी खुशीनं घेतलं होतं.

गल्लीत एकाला एक खेटून उभी असलेली अरुंद घरं, त्यातलं हे मधलं. दार उघडलं की लांबट हॉल. डाव्या भिंतीला धरून सरळ वर चढणारा लाकडी जिना. मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. मास्तर शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का. आक्काचं खुब्याचं हाड मोडून नीट न जुळलेलं, त्यामुळे ती दिवसभर जिन्याच्या पायथ्याशी वेताच्या खुर्चीत बसलेली असायची. भिंत, खुर्ची आणि जिना यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी जागा.

"लेक यायची आहे," मास्तर म्हणाले. "इथे नोकरी लागलीय तिला. जावई यायला अजून अवकाश आहे. तान्हं बाळ घेऊन एकटीच येतेय. वर राहतील दोघं. तुमच्या त्या व्हार्निशच्या वासानं बाळाला खोकला होईल, म्हणून तेल. लवकर होईल ना?"

"तेलाला घाई चालत नाही. पण होईल."

जिना इतका कोरडा पडला होता की हात फिरवला तर कुसळं टोचत. जुना काळपट थर मी पॉलिश पेपरनं घासून काढला. घासलेलं लाकूड आजारातून उठलेल्या माणसासारखं दिसतं, पांढुरकं आणि ओशाळलेलं. मग जवसाच्या तेलाचा पहिला हात फिरला आणि पायऱ्यांना रंग चढला. मधासारखा, आतून उजेड आल्यासारखा. गेली इतकी वर्षं हे काम करतेय, पण त्या क्षणाला अजूनही मी जरा थांबते. वरच्या पायरीपासून सुरुवात करून मागे मागे सरकत खाली आले, जास्तीचं तेल पुसून घेतलं आणि दोघांना समोर घेऊन सांगितलं,

"उद्या मी येईपर्यंत एकाही पायरीवर पाय पडता कामा नये."

"आम्ही वर जाऊन करणार काय?" मास्तर म्हणाले. "वर आहे कोण?"

२

दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या पायरीवर पाय उमटलेला होता.

अनवाणी, उजवा पाय. टाच, चवडा, पाचही बोटं. आदल्या दिवशीचं तेल अजून चिकट होतं, तिथे पायाच्या आकाराचं पुट निघून लाकूड निस्तेज झालं होतं. माझं डोकं असं सणकलं की हातातली पिशवी मी तिथेच आपटली.

"मास्तर! काल मी काय सांगून गेले होते?"

मास्तर टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आले. पायरीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी नाही."

"मग भूत आलं होतं का?" असं मी म्हणाले. म्हणजे आपण म्हणतो तसंच, बोलायचं म्हणून.

"बाई, मी चाळीस मुलांच्या वर्गात खडू कुणी फेकला ते पाठमोरा ओळखायचो. माझ्याशी असं बोलू नका. मी पाय ठेवला असता तर ठेवला म्हटलं असतं."

आक्काला विचारायची सोय नव्हती. ती न्हाणीघरापर्यंत जाते तीच भिंत धरून. तरी मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "छान रंग आलाय गं पोरी. पूर्वी असाच होता."

मी चडफडत ती पायरी घासली, परत तेल दिलं, पुसलं. एका पायरीचा रंग बाकीच्यांशी जुळवणं म्हणजे फाटलेल्या साडीला रफू करण्यासारखं. लांबून कळत नाही, पण आपल्याला कळतं. जाताना पायथ्याशी दोन खुर्च्या आडव्या लावल्या आणि मधून दोरी बांधली.

सकाळी खुर्च्या जागच्या जागी, दोरी तशीच ताणलेली. आणि जिन्यावर पावलं. या वेळी एक नाही, खालपासून वरपर्यंत.

३

मी उकिडवी बसून एकेक पाऊल बघितलं. चिडले होते, पण चिडलेल्या माणसाची नजर फार बारीक असते.

जुना जिना आहे, मी मनाशी म्हटलं. वर्षानुवर्षं जिथे पाय पडतात तिथे लाकडाची नस उघडी पडते, आणि उघडी नस तेल जास्त पिते. तेवढाच भाग कोरडा, निस्तेज राहतो. पायासारखा दिसला तर नवल काय? हे मी आधीही बघितलं आहे. दाराच्या कडीपाशी हाताचा आकार राहतो, खुर्चीच्या पाठीला पाठीचा.

पण नसेला अंगठा नसतो. आणि काल जिथे पाऊल होतं तिथे आज नव्हतं, त्याच्या वीतभर शेजारी होतं. शिवाय ती एका माणसाची पावलं नव्हती. एक रुंद, बोटं फाकलेली. एक लांबोडकं, अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट मोठं. एकाची टाच टेकलेलीच नव्हती. एक लहान, शाळकरी पोराचं असावं एवढं.

आणि सगळी वर जाणारी होती. बोटं वरच्या बाजूला, टाचा खालच्या बाजूला. एकही पाऊल खाली उतरलेलं नव्हतं.

मी चपला काढून हातात घेतल्या आणि तळव्यांना वर्तमानपत्र बांधून कडेकडेनं वर गेले. वरच्या मजल्यावर माझ्याच घासण्याची धूळ बसली होती, पिठासारखी बारीक. तिच्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता. तेलात भिजलेले पाय वर आले असते तर फरशीवर डाग दिसले असते. पावलं शेवटच्या पायरीपर्यंत यायची आणि संपायची. पुढच्या खोलीत मोठा पलंग, मागच्या खोलीत रिकामं कपाट. खिडक्यांना गज. गच्ची नाही, दुसरं दार नाही.

पुढच्या खोलीच्या उंबऱ्यात मी उभी राहिले आणि मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं. आपण डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत शिरतो, आणि तिथे बसलेले सगळे बोलायचे थांबून आपल्याकडे बघतात, तेव्हा होतं ना तसं. खोली रिकामी होती. पलंगावर गादीसुद्धा नव्हती. पण ती शांतता रिकाम्या खोलीची नव्हती. कुणीतरी बोलणं अर्धवट तोडल्यावरची होती.

"तेलातलं टर्पेंटाइन डोक्यात चढलंय," मी मोठ्यानं म्हणाले आणि खाली आले.

४

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो जेवता जेवता हसला.

"वर जातात आणि खाली येत नाहीत? मग बरंच आहे की. एक दिवस संपतील."

"अहो, हसायला काय झालं? माझं काम खराब होतंय!"

"तुझं तेल वाळत नाहीये, एवढंच आहे. जाड देत असशील. म्हाताऱ्याच्या घरात मांजर शिरत असेल."

"मांजराला पाच बोटं आणि टाच?"

"उद्या येतो मी," तो म्हणाला. सुतार माणूस. बायकोच्या कामात खोट निघाली की त्याला मनातून बरं वाटतं, हे मला माहीत आहे. तरी तो आला, मशीन घेऊन. आम्ही सगळा जिना परत घासून पांढरा केला. हॉलभर धूळ उडाली, आक्काला स्वयंपाकघरात हलवावं लागलं. मी तेल पातळ केलं, हात अगदी कोरडा दिला, दहादा पुसला. संध्याकाळ व्हायच्या आधी नवऱ्यानं बोट लावून बघितलं आणि म्हणाला, "हे आता गाढव चढलं तरी उमटायचं नाही."

सकाळी तो माझ्याबरोबर मुद्दाम आला. जिन्याकडे बघत राहिला. मग मशीनची वायर गुंडाळायला लागला.

"बोला ना," मी म्हणाले.

"दुसरं काम आहे मला."

"एवढंच?"

"तूही सोड हे," तो हळू आवाजात म्हणाला आणि निघून गेला. दारातून बाहेर पडताना तो जरा तिरका झाला, खांदा आत घेऊन. दार चांगलं रुंद होतं.

त्या दिवशी मास्तरांचा तोल गेला. "तुमचं तेलच भेसळीचं आहे! लेक उद्यावर आली आणि जिना अजून चिकटच! आधीच वरच्या मजल्याचं माझ्या नशिबी सुख नाही. ते भाडेकरू ठेवले होते, नवराबायको. दोन माणसं, दोन खोल्या, आणि म्हणे वर दाटी होते, जागा पुरत नाही! सामानसुद्धा नीट न बांधता गेले. लोकांना घर फुकट द्या, तरी कुरकुर!"

"दाटी होते म्हणाले?"

"तुम्ही जिन्याचं बघा."

मला खरं तर तेव्हाच हात झटकून जायला हवं होतं. पण माझ्या हातचं काम खराब म्हणून ओळखलं जावं, हे मला सहन होत नाही. त्या जिन्याला मी सोडलं असतं तर जन्मभर तो माझ्या डोक्यात चिकट राहिला असता. आणि रागाच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. उद्या त्याच पायऱ्यांवरून एक बाई तान्हं बाळ घेऊन वर जाणार होती.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर लेकीला आणायला स्टेशनवर गेले. घरात मी आणि आक्का. समोरच्या दाराला मी स्वतः आतून कडी घातली, स्वयंपाकघराच्या दारालाही घातली. म्हटलं, आज दिवसाढवळ्या, माझ्या डोळ्यांसमोर वाळू दे. बघतेच.

वरच्या पायरीपासून तेल देत मी मागे मागे उतरत होते. दारावरच्या काचेतून ऊन थेट जिन्यावर येत होतं. माझ्या वरच्या पायऱ्या तेलानं ओल्या, आरशासारख्या. मी गुडघे टेकले होते ती पायरी कोरडी, आणि माझ्या पाठीमागच्या कोरड्या.

पाठीमागे पायरी वाजली.

आक्का उठली असं वाटून मी म्हणाले, "आक्का, पडाल हं!" आणि वळून बघितलं. आक्का खुर्चीतच होती. जिना रिकामा होता.

दुसरी पायरी वाजली. मग तिच्या वरची. मग मी जिच्यावर होते ती पायरी माझ्या गुडघ्याशेजारी किंचित दबली. शेजारी कुणी उभं राहिलं की फळी दबते ना, तेवढीच. आणि माझ्या नाकासमोरच्या ओल्या पायरीवर तेल बाजूला सरलं. आधी चवडा, मग एकेक बोट. प्रत्येक बोटाभोवती तेलाची बारीक कड उठली, मग टाच हळूच टेकली. ते पाऊल तिथे होतं तोवर त्याच्या आत काही चमकत नव्हतं. मग वरच्या पायरीवर दुसरं. मग त्याच्या वर.

माझ्या तोंडून काय निघावं? मला आजही त्याची लाज वाटते आणि हसूही येतं. मी खेकसले,

"अहो, ओलं आहे ते!"

पावलं थांबली. पण माझ्या शेजारची फळी तेवढ्यात परत दबली. म्हणजे दुसरं कुणी येऊन उभं राहिलं होतं. आणि त्याच्या मागची पायरी वाजली, आणि तिच्या मागची. एकामागे एक, पायथ्यापर्यंत. सगळे थांबले होते. मी अरुंद जिन्यात आडवी बसले होते, आणि ते मी बाजूला व्हायची वाट बघत होते. कुणी घाई करत नव्हतं. माझ्या मानेवर ऊन होतं, तरी मान गार पडली होती.

मी भिंतीला चिकटले. तेलाचं भांडं पोटाशी धरलं, श्वास रोखला.

मग ते गेले. माझ्या शेजारून, एकेक करून. वाऱ्याची झुळूक नाही, स्पर्श नाही, वास फक्त माझ्याच तेलाचा. फळी दबायची, सुटायची. समोर तेल सरायचं. किती गेले मला माहीत नाही. शेवटी पायऱ्यांवर पावलावर पाऊल पडून वेगळं काही ओळखू येईना, सगळाच भाग निस्तेज झाला.

मी खाली बघितलं. आक्का खुर्चीत पेंगुळल्यासारखी बसली होती. आणि ती पसरलेले पाय जवळ ओढत होती. जरा थांबायची, पाय परत सैल सोडायची, परत जवळ ओढायची. वाटेत बसलेला माणूस जाणाऱ्याला वाट देतो तसं. ही सवय मी इतके दिवस रोज बघत होते. मला वाटायचं, बिचारीचं खुब्याचं दुखणं.

मी कशी खाली उतरले मला आठवत नाही. तिच्या खुर्चीचा हात धरून विचारलं, "आक्का, कोण आहेत हे?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, कंटाळा होता. "विचारलं तर सांगतात थोडंच? आपण पाय आवरायचे."

"मास्तरांना माहीत आहे?"

"त्याला काही दिसत नाही. लहानपणापासून तसाच आहे."

६

लेक आली. दारातच दमलेली, केस विस्कटलेले, छातीशी बाळ, चेहरा हसरा. असं माणूस की बघताक्षणी त्याच्यासाठी काहीतरी करावंसं वाटतं. बाळ टकामका बघत होतं, मान अजून धड धरत नव्हतं.

मास्तरांनी बॅगा ठेवल्या आणि जिन्याकडे बघितलं. चेहरा लाल झाला.

"हे काय? परत? आज तर तुम्ही स्वतः घरात होतात!"

"मास्तर, ऐका—"

"आठवडाभर ऐकतोच आहे! माझ्या लेकीनं आता झोपायचं कुठे, हवेत?"

मी तिच्याकडे वळले. "ताई, तुम्ही वर झोपू नका."

"का हो मावशी?"

काय सांगणार? त्या भाडेकरूंचं वाक्य जिभेवर आलं होतं, पण दोन रिकाम्या खोल्यांकडे बोट दाखवून दाटी आहे असं कुठल्या तोंडानं म्हणू? मास्तरांनी मला तिथेच वेडी ठरवलं असतं. स्वतःचाच इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"जिना ओला आहे," मी म्हणाले.

"मग आज खालीच झोपते मी," ती लगेच म्हणाली. "त्यात काय एवढं. बाबा, ओरडू नका ना, बाळ दचकतं."

मी पुन्हा पायऱ्या घासल्या, पुन्हा तेल दिलं, पुन्हा पुसलं. हात आपोआप चालत होते. जाताना मी आक्काकडे बघितलं. तिनं डोळे मिटले होते.

७

सकाळी जिना स्वच्छ होता.

मी खालून बघितलं, वरून बघितलं, गाल पायरीला लावून उजेडाच्या तिरिपेत बघितलं. एकही डाग नाही, एकही पाऊल नाही. तेल आत मुरलं होतं, पृष्ठभाग कोरडा, मऊ, आणि लाकडाच्या रेषा खोल पाण्यातून दिसाव्यात तशा दिसत होत्या. इतकं चांगलं काम माझ्या हातून क्वचित झालं आहे. आणि मला आनंद होईना.

मास्तरांनी कठड्यावर हात फिरवला. "बघा! मनावर घेतलं की होतं."

"अजून दोन दिवस खालीच—"

"पुरे आता." त्यांनी गादी उचललीसुद्धा. गादी, उशा, बाळाची दुपटी, सगळं स्वतः वर नेलं आणि धापा टाकत खाली येऊन स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. लेक माझ्याकडे बघून हसली, जणू म्हणाली, बाबा असेच आहेत. मग बाळाला घेऊन चढली. नव्या तेलावर तिच्या पावलांचा आवाजसुद्धा येत नव्हता.

मी तेलाच्या चिंध्या पाण्याच्या बादलीत बुडवत होते. त्या कोरड्या गोळा करून ठेवल्या तर आपसूक पेट घेतात, म्हणून हे काम कधी विसरायचं नसतं. वरून पलंग कुरकुरला. मग लेकीचा आवाज आला. मृदू, सहज, गर्दीत अनोळखी माणसाशी आपण बोलतो तसा.

"जरा सरकता का? बाळाला ठेवायचंय."

आणि फरशीवरून पुष्कळ पाय एकदम सरकले.

बादली तशीच टाकून मी वर धावले. खोलीत सकाळचा लख्ख उजेड होता. एवढा मोठा पलंग, आणि त्याच्या अगदी टोकाला ती बसली होती, कोपरं पोटाशी घेऊन, गुडघे जुळवून. बाकीचा पलंग मोकळा होता. नवी गादी मात्र जागोजागी खोलगट दिसत होती. तिच्या मांडीवरचं बाळ एकीकडे बघून हसलं, मग त्याच्या शेजारी बघितलं, मग त्याच्या शेजारी. मान न धरणाऱ्या त्या बाळाची नजर सावकाश, क्रमानं, उंबऱ्यातल्या माझ्यापर्यंत येऊन थांबली.

"काय झालं मावशी?" ती म्हणाली. "या ना, बसा. जागा मात्र..." ती इकडेतिकडे बघत थांबली. आपण हे काय बोलतोय, अशी एक आठी तिच्या कपाळावर आली.

"बाळ द्या माझ्याकडे," मी म्हणाले.

"अहो, पण—"

"द्या म्हणते ना!"

तिनं गोंधळून बाळ पुढे केलं. मी त्याच्या काखेत हात घातले आणि उचललं. ते आलं नाही. तिनं सोडलेलं मला दिसत होतं, तिचे दोन्ही हात रिकामे होते, तरी क्षणभर कुणी सोडेना. हिसका नव्हता. लाडाकोडानं कुणी जरा आणखी धरून ठेवावं तसं होतं. मग सुटलं. मी ते छातीशी घट्ट धरलं आणि खाली धावत सुटले. मागे बघितलं नाही.

पायथ्याशी आल्यावरच मी थांबले. मास्तर पेला हातात घेऊन आ वासून उभे होते. "काय चाललंय काय? पोरीकडून बाळ हिसकावून—"

"ताई!" मी वर हाक मारली. "खाली या. आत्ताच्या आत्ता!"

ती खोलीतून बाहेर आली, जिन्याच्या तोंडाशी. पहिल्या पायरीवर पाय टाकायला गेली आणि थांबली. पाय मागे घेतला.

वरची पायरी वाजली. मग तिच्या खालची. मग दोन्ही मिळून.

बाळ माझ्या खांद्यावरून वर बघत होतं आणि हात हलवत होतं. लेक कठड्याला धरून, अंग चोरून उभी होती. चेहऱ्यावर तेच भलं, दमलेलं हसू. तिनं रिकाम्या जिन्याकडे हात करून वाट दाखवली.

"नाही नाही," ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी येते मागून."